तिश्रीची तयारी : आमच्या मशिदीच्या कामाची नोंदवही

३ ऑगस्ट २०२५, रविवार, रात्र

आम्हा कोकणातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे ज्यूंचा, बिरड्याचा रोजा सुटला. वालाच्या बिरड्याचे दोन घास पोटात गेल्यावर ओटीवरच बैठक झाली. वेगळा दिवस काढला असता तर सगळे जमले नसते. मुकादमकाका, गबाई म्हणून हिशेब बघणारा माझा भाऊ, दोन घरची माणसं आणि मी. ठरलं ते एवढंच : यंदा दारफळणीला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, आपल्याच मशिदीत पहाटेपासून तारे दिसेपर्यंत पूर्ण तफिल्ला, म्हणजे प्रार्थना, व्हायची आणि ती मिन्यानने, म्हणजे दहा पुरुष जमवून, व्हायची. गेली काही वर्षं त्या दिवशी आमची माणसं मुंबईला नाहीतर ठाण्याला जातात आणि इथे कुलूप असतं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मशिदीला कुलूप, हे माझ्या मनाला फार लागतं.

मशीद हा सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासाठी, आमचा जुना शब्द. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या शाअर हाराहामीमलाही आमच्याकडे जुनी मशीदच म्हणतात. आजी तोच शब्द वापरायची, वहीतही तोच ठेवते.

गावात तेरा वर्षांवरचे पुरुष चार. मिन्यानला दहा लागतात. फोन करण्याचं काम मी घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

कौलं. पावसात छपरावर चढायला कोणी तयार नव्हतं, शेवटी उघडीप बघून दोघं आले. हेखालच्या, म्हणजे तोरा ठेवायच्या जागेच्या, बरोबर वर तीन कौलं फुटलेली आणि एक रीप कुजलेली निघाली. रीप बदलली, कौलं तेवढ्यापुरती परतली. बाकीचं काम पाऊस गेल्यावर. आतल्या भिंतीवर ओल उतरलीय, पण ती हेखालच्या फळीपर्यंत पोचलेली नाही. मी स्वतः हात फिरवून पाहिलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज दोन्ही सेफेर, म्हणजे तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) हाताने लिहिलेल्या कातडी गुंडाळ्या, उघडून पाहिले. दरवर्षी श्रावणात ही तपासणी व्हायला हवी, खाऱ्या दमट हवेत कातड्याला बुरशी धरते. आमच्याकडे सेफेर तोरा लाकडी पेटीत उभा असतो. पेटी दोन पाखांसारखी उघडते, वरच्या दोन मुठी फिरवल्या की कातडं एका दांडीवरून दुसरीवर जातं. हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जरा बाजूला धरायचा.

पहिला सेफेर चांगला निघाला. दुसऱ्यात, शेमोथ या तोराच्या दुसऱ्या पुस्तकात, एका ओळीच्या मध्यावर भावाची नजर अडली. एक वाव अक्षर. डोकं जागेवर, पण खालचा पाय सालपटासारखा सुटलेला. भिंग धरलं तर शाईच्या त्या एवढ्याशा खपलीखाली तिची स्वतःची सावली दिसत होती. आम्ही दोघंही किती वेळ काही बोललो नाही. याच सेफेरसमोर वडील उभे राहून वाचायचे.

फोटो ठाण्याला हज्जानकाकांना, आमची तफिल्ला चालवणाऱ्यांना, पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला. तोरामध्ये ३,०४,८०५ अक्षरं, त्यातलं एक गेलं तरी तो सेफेर सणाला वाचता येत नाही. आपण शाई लावायची नाही. ते काम सोफेरचं, म्हणजे तोरा लिहिणाऱ्याचं, त्याचे नियम वेगळे, लेखणी वेगळी. सोफेर मिळेपर्यंत पेटीवर पांढरं फडकं बांधून हेखालात मागे ठेवायचा. तसंच केलं.

यातून नवीन काम निघालं. रोश हाशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, आणि दारफळणीला दोन ठिकाणचं वाचन असतं, त्यासाठी दोन सेफेर आधीच लावून ठेवतात. आता एकच उरला. म्हणजे लोक उभे असताना तोच फिरवून दुसऱ्या जागी न्यावा लागणार. सराव हवा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

एलूल लागला, सणांच्या तिश्रीआधीचा महिना. आजपासून सलीहोत, म्हणजे क्षमा मागायच्या पहाटेच्या प्रार्थना. पहाटे ४ वाजता आम्ही पाच जण होतो, तीन पुरुष आणि दोन बायका. मिन्यान नसल्यामुळे कद्दीश नाही, काही भाग गाळावे लागतात, पण जे म्हणता येतं ते सगळं म्हटलं. शेजारी सगळे दिवे लागलेले, उद्या गणपती येणार म्हणून मखर चाललेलं. शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजल्यावर त्यांच्या घरातली छोटी खिडकीत येऊन उभी राहिली. तिला मी हात केला.

३१ ऑगस्ट, रविवार

मराठी पानांचं काम. लोक येतील, पण निम्म्यांना हिब्रू वाचता येत नाही. दारफळणीला बारा तास नुसतं ऐकत बसायचं म्हणजे माणूस कंटाळतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. म्हणून ज्या जागा सगळ्यांनी मिळून म्हणायच्या असतात, त्या तरी देवनागरीत हातात द्यायच्या. अवीनू मल्केनू, कबुलीचं विद्दूई, संध्याकाळचं एल नोरा अलीला आणि शेवटचं शेमा.

देवनागरीत हिब्रू लिहिणं सोपं वाटतं, पण बसलं की कळतं. हेत आणि खाफ वेगळे दाखवायचे. मी हेतसाठी ह आणि खाफसाठी ख धरला, कारण आमची म्हातारी माणसं तसंच म्हणतात. तावसाठी काही ठिकाणी थ, म्हणून शब्बाथ. मुंबईची मुलं शब्बात म्हणतात, पण इथे या मशिदीत जो उच्चार घुमलाय तोच कागदावर यायला हवा, यावर मी ठाम राहिले. आणि त्सादी! त्यासाठी मराठीला काही वेगळं करावंच लागत नाही, 'चमचा'तला च आहेच. झायिनला 'जहाज'मधला ज. हे सुचलं तेव्हा फार आनंद झाला. आपल्या तोंडात हे आवाज आधीपासूनच आहेत. पानाच्या डोक्यावर तशी दोन ओळींची खूण लिहिली.

अर्थही द्यायचा, पण शब्दाला शब्द नाही. आपल्याकडे याची जुनी रीत आहे. १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासकट हग्गादा, म्हणजे पेसाह सणाची पोथी, छापली गेली, १८७४ साली पुण्यात. पुण्याच्या हग्गादेच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दाखवल्यात. ज्यांनी ती छापली त्यांनाही हाच प्रश्न पडला असणार : घरातल्या बाईला कळेल कसं?

७ सप्टेंबर, रविवार

कपाट.

चार तास लागले. वरच्या दोन फळ्या महझोर आणि सिद्दूर या प्रार्थनापुस्तकांच्या, बहुतेकांना कसर लागलेली. तीन ढीग केले : वापरता येतील अशी, बांधणी करून घ्यायची, आणि गनीझाची. ज्यावर देवाचं नाव आहे ते रद्दीत जात नाही, जाळतही नाहीत, कबरस्तानात पुरतात. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला.

प्रत्येक पुस्तक पुरण्याआधी पहिलं पान उघडून पाहायचं असा नियम मी घातला, आणि बरं झालं घातला. आतल्या पानांवर माणसं आहेत. कुणाचा जन्म, कुणाची आई गेली ती तारीख, "हे पुस्तक आगबोटीत भिजले" एवढीच एक ओळ. एका सिद्दूरच्या मागच्या कोऱ्या पानावर बोरूने लिहिलेली आडनावांची यादी निघाली. सगळी कर-वाली, सगळी इथल्या चाळीस-पन्नास मैलांतली गावं. आमच्या आडनावांतच कोकणचा नकाशा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली असं आपण सांगतो, पुढे घाण्यावर तेल गाळून आणि शनिवारी घाणा बंद ठेवून शनिवार तेली झालो. त्या गावांपैकी बहुतेकांत आज आपलं एकही घर नाही. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली.

यादीचं पान फोटो काढून ठेवलं, मग पुस्तक ढिगात. दोन पोती झाली. दुपारी कबरस्तानात खड्डा खणून पुरली, मुकादमकाकांनी कद्दीशऐवजी तेहिल्लीममधलं एक स्तोत्र म्हटलं. पावसाची बारीक सर होती, कुणी छत्री उघडली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

फोन. आजवर ३१ घरांना. मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे. नक्की येतो म्हणाले ते आठ. "बघतो" म्हणाले ते सहा, त्यांना परत करायचे. एका काकूंनी विचारलं, राहायचं कुठे, दिवसभर उपाशी राहून म्हाताऱ्या माणसांना प्रवास झेपेल का? त्यांचं बरोबर आहे. म्हणून चार घरांत बिछाने ठरवले. हज्जानकाका आमच्याकडे उतरतील.

सेफेर फिरवण्याचा सराव वायिक्रापासून बमिदबारपर्यंत, म्हणजे तोराच्या तिसऱ्या पुस्तकापासून चौथ्यापर्यंत, केला. पहिल्या वेळी १४ मिनिटं. दोन मुठी एका लयीत फिरल्या नाहीत तर कातडं सैल पडून पोट धरतं, मग थांबून ताणून घ्यावं लागतं. कातड्यावर खूण करता येत नाही, पण मजकुरात आपल्या खुणा आहेत, त्या भावाने पाठ केल्या. बमिदबारच्या दहाव्या अध्यायात दोन उलटे नून येतात, अक्षरं पाठमोरी उभी असावीत तशी. ती गेली की सावकाश व्हायचं. पुढे कुर्बानांच्या याद्यांचे तुटक परिच्छेद लागतात, त्यात आपल्याला हवा तो एकोणतिसावा अध्याय. तिसऱ्या वेळी ६ मिनिटांवर आलो. आणखी घाई नको, असं मीच म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या संध्याकाळपासून रोश हाशाना, आपला नव्याचा सण. सगळ्या घरांत चिकाचा हलवा आटतोय. नारळाचं दूध, गव्हाचा चीक, साखर, आणि दोन-अडीच तास हात न थांबवता ढवळणं. माझ्या वाट्याला दोन ताटं. नेर तामीदच्या, म्हणजे अखंड दिव्याच्या, काचा चुन्याने घासल्या, पितळी साखळ्या चिंचेने. मराठी पानांच्या ४० प्रती आल्या. पान ३ वर एक मात्रा गळलीय, ती सगळ्या प्रतींत पेनाने घातली.

२४ सप्टेंबर, बुधवार, रात्र

दोन्ही दिवसांची नोंद एकत्र.

काल अकरा होते. सेफेर निघाला, बेरेशीतचा, म्हणजे पहिल्या पुस्तकाचा, एकविसावा अध्याय वाचला, सारा आणि इस्हाकचा, मग फिरवून बमिदबार. पल्ला लांबचा होता, लोकांनी तेवढा वेळ तेहिल्लीम म्हटली. शोफार उत्तम.

आज नऊ. दोघांना ऑफिसची रजा नव्हती, ते रात्रीच निघाले. माणसं आकड्याने मोजायची नाहीत म्हणून वडिलांनी शिकवलेल्या दहा शब्दांच्या पासुकने, म्हणजे तोंडपाठ वचनाने, मी मोजते : होशिया, एत, अमेखा, ऊबारेख, एत, नहलातेखा, ऊरेएम, वेनासेएम, अद, हाओलाम. एका माणसाला एक शब्द. आज 'अद'वर थांबले. परत पहिल्यापासून मोजलं. परत 'अद'.

माझ्या भाचीचा मुलगा तिथेच होता, पांढऱ्या शर्टात, डोक्यावर किप्पा. तो ५ तिश्रीला तेरा वर्षांचा होणार. तीन दिवस कमी. त्याने हज्जानकाकांकडे पाहिलं, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नियम आहे, मला तो मान्य आहे. मिन्यानमध्ये मीही धरली जात नाही, पण ते दहा कोण आणि कुठून यायचे हे माझ्या वहीत असतं, आणि ते काम मी लहान मानत नाही. मात्र तो शेवटचा शब्द उरला तेव्हा घशात आलं.

सेफेर न काढता तफिल्ला केली. शोफार वाजवला, त्याला दहांची अट नाही. घरी आल्यावर पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा फोन सुरू.

२७ सप्टेंबर, शनिवार, शब्बाथ सुटल्यावर

भाचीच्या मुलाची बार मित्सवा, तेरा वर्षं पुरी झाल्याचा विधी. शुक्रवारी संध्याकाळीच माणसं येऊन राहिली. वायेलेख हा पाराशा, म्हणजे या आठवड्याचं वाचन, सगळ्यात लहान, तीस पासुक. पोराने अर्धा स्वतः म्हटला. एकदा अडखळला, ओळ दाखवायचा चांदीचा हात त्याच शब्दावर ठेवून उभा राहिला आणि मग बरोबर म्हणाला. बायकांच्या बाजूने साखर आणि फुलं पडली. हातबोशी देताना प्रत्येक म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरून मग स्वतःची बोटं ओठांना लावली.

आज 'हाओलाम' त्याच्यावर आला.

या आठवड्यात खिरीचा सणही झाला. घरोघरची खीर, वेगळी नोंद करत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, शिलासण

काल दारफळणी झाली.

१ तारखेला संध्याकाळी कोल नेदारीमला, म्हणजे पहिल्या प्रार्थनेला, तेरा पुरुष, सतरा बायका, मुलं वेगळी. काल पहाटे बारा, दुपारी एकाला चक्कर आली म्हणून घरी झोपवलं, तरी अकरा. सकाळपासून रात्रीपर्यंत मिन्यान एकदाही मोडलं नाही. हे वाक्य लिहिण्यासाठी तीन ऑगस्टपासून ही वही चालली होती.

सेफेर वायिक्राच्या सोळाव्यावरून बमिदबारच्या एकोणतिसाव्यावर सात मिनिटांत गेला. मिन्हाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, परत वायिक्राच्या अठराव्यावर आणायचा होता, तो दुपारच्या मोकळ्या वेळात आणून ठेवला. मग योनाचं पुस्तक.

एक काळजी होती ती सांगायची राहिली. काल दसराही होता. चौकातल्या मंडळाची मिरवणूक नेमकी नेइलाच्या, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळेला आमच्या आळीतून जाते. गेल्या आठवड्यात भाऊ त्यांच्याकडे जाऊन आला होता. मुलांनी वेळ लिहून घेतली. काल साडेपाचनंतर ढोल एकदम थांबले आणि मिरवणूक खालच्या रस्त्याने गेली. एल नोरा अलीला सुरू झालं तेव्हा रस्त्यावरून फक्त एका सायकलची घंटा ऐकू आली. पानं सगळ्यांच्या हातात होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बायकांच्या बाजूने ते गाणं पुरुषांच्या आवाजाच्या वर चढलेलं ऐकू आलं. माझ्या शेजारच्या मावशी ८१ वर्षांच्या. त्यांनी पान उलटं धरलं होतं. त्यांना ते पाठच आहे, आजवर कुणी बरोबर म्हणायला नव्हतं इतकंच.

सात वाजायच्या सुमारास शोफार. मनुकांच्या शरबतावर हवदाला, म्हणजे दिवस सुटल्याची प्रार्थना.

आज शिलासण, दानधर्माचा आणि भेटींचा दिवस. मंडळाची मुलं सकाळी आपट्याची पानं घेऊन आली, एक दिवस उशिरा. त्यांना हलवा दिला. दुपारनंतर वही बंद, शब्बाथची भांडी चढवायचीत.

५ ऑक्टोबर, रविवार

सुक्का, म्हणजे सणाचा मांडव, उभी केली. चार बांबू, वर नारळाच्या झावळ्या. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, आणि रात्री तारे दिसायला हवेत, म्हणून मुलांनी खाली आडवं पडून बघून दोन झावळ्या काढायला लावल्या. उद्या संध्याकाळी सण लागतो, उद्याच कोजागिरी. आपला महिनाही चांद्र, त्यामुळे पौर्णिमा एकच. महाळुंग एका बागेतून मिळालं, देठासकट, डाग नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार, रात्र

सिमहाथ तोरा झाला, मुंबईची माणसं परत निघाली. पुढच्या कामांची नोंद आधी करते.

सोफेर : हज्जानकाका मुंबईत विचारतायत. खर्चाचा अंदाज आल्यावर घरांकडून वर्गणी. तोवर दर महिन्याला फडकं सोडून पेटी कोरड्या हवेत ठेवायची, जबाबदारी भावाची. उरलेली कौलं नोव्हेंबरात. हनुक्का, दिव्यांचा सण, १४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून. त्यात एका रात्री कीर्तन करायचं ठरलंय. १८८० साली मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं होतं, योसेफाची, मोशेची आख्यानं ओवी-साकीत रचली होती. ठाण्याच्या दोघी बायकांना चाली येतात, त्या इथल्या मुलींना शिकवायला तयार आहेत. २ फेब्रुवारीला तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष : अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, टाप्यावर जायचं, मलिदा तिथेच. पोहे, नारळ, गूळ आणि पाच फळं आमच्याकडून, गाडी पनवेलकर बघतील. नव्या महझोरांची बांधणी पेसाहआधी.

आता आजचं. सिमहाथ तोराला तीन सेफेर लागतात, एकात शेवट, एकात आरंभ, एकात सणाचं वाचन. आमच्याकडे एकच. मोशे वारला तो शेवटचा पासुक वाचून झाला आणि भाऊ आणि भाचीचा मुलगा, दोघांनी दोन मुठी धरल्या. शेवटापासून आरंभापर्यंत, सगळाच्या सगळा. लोकांनी पेटीभोवती गोल केला आणि गाणं धरलं. आम्हा बायकांनाही आज जवळ येऊ दिलं होतं. हाझीनू गीताचे दोन उभे खांब गेले. मग नुसता मजकूर, मजकूर. उलटे नून गेले, पोराने नुसती मान हलवून दाखवली. समुद्राच्या गाण्याच्या ओळी विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या असतात, ती भिंत सरकत गेली. गाणी संपली, पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. घड्याळात २३ मिनिटं झाली होती, तेव्हा मुठी थांबल्या, आणि कोऱ्या कातड्याच्या काठाला, बाकीच्या अक्षरांहून मोठा, पहिला बेथ दिसला.